फोन इथला, सिम अमेरिकेचं: फोटोचा मेसेज का अडकतो आणि तो कसा सुरू करायचा

शिकायला किंवा नोकरीला परदेशी निघालेली आपल्या घरातली पोरं जाताना इथूनच नवा फोन घेऊन जातात. तिथे महाग पडेल म्हणून, नाहीतर अम्मीनं हौसेनं घेऊन दिला म्हणून. विमानतळावर उतरलं की तिथलं सिम घालायचं, घरी व्हिडिओ कॉल लावायचा, "पोहोचलो" म्हणायचं. कॉल लागतो, इंटरनेट चालतं, व्हॉट्सॲप चालतं. म्हणजे फोन चालू झाला असं आपण समजतो. पण एक गोष्ट चालू झालेली नसते आणि ती बंद आहे हे महिनोनमहिने कळतही नाही. ती म्हणजे फोटोचा मेसेज, एमएमएस.

माझं मोबाइल दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. गेल्या वर्षी माझा भाचा एमएस करायला टेक्सासला गेला. फोन माझ्याच दुकानातून नेला होता. तीन महिन्यांनी एका रात्री त्याचा फोन आला. आवाज पडलेला. तो आणि पाच मुलं एका घरात राहतात. त्यांच्यातल्या एकाच्या वडिलांचा, जे त्याच शहरात राहत होते, इंतेकाल झाला. मुलांनी घराच्या ग्रुप मेसेजवर कळवलं की जोहरनंतर जनाज्याची नमाज आहे. सगळे गेले. हा लायब्ररीत बसून राहिला. संध्याकाळी घरी आला तर कुणी नीट बोलेना. "मामू, मला मेसेज मिळालाच नाही. पण हे कोण खरं मानणार? सगळ्यांना गेला आणि मला एकट्याला नाही, असं कसं होईल?"

असं होतं. आणि का होतं ते समजलं तर दहा मिनिटांत दुरुस्तही होतं. म्हणून हा लेख.

आपल्याकडे गेलं, तिथे राहिलं

आपल्याकडे एमएमएस कधीच नीट रुजला नाही. नोकियाच्या जमान्यात सिम घातलं की कंपनीकडून सेटिंगचा मेसेज यायचा आणि तो सेव्ह करावा लागायचा. एक फोटो पाठवायला काही रुपये जायचे. पुढे शब्दही बदनाम झाला, एमएमएस म्हटलं की लोकांना कुठलंतरी कांडच आठवायचं. २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि फोटो, व्हिडिओ, लग्नपत्रिका सगळं व्हॉट्सॲपवर गेलं.

अमेरिकेत उलटं झालं. तिथे मेसेज प्लॅनमध्येच मिळत गेले, त्यामुळे लोक फोनमधल्या साध्या मेसेज ॲपवरच राहिले. घरमालक, मुलांची शाळा, डॉक्टरचा दवाखाना, शेजारी, सगळे तिथेच बोलतात. आणि इथे मुख्य गाठ आहे. साधा एसएमएस एकाला एक असा जातो. पण पाच-सहा जणांचा ग्रुप केला आणि उत्तर सगळ्यांना दिसायला हवं असेल, तर ग्रुपमधला प्रत्येक मेसेज बहुतेक वेळा एमएमएस म्हणून जातो. त्यात फोटो नसला, नुसतं "ओके" लिहिलेलं असलं तरीही. म्हणजे ज्याच्या फोनवर एमएमएस बंद, तो नुसत्या फोटोंना मुकत नाही. अख्ख्या ग्रुपच्या बोलण्यातून बाहेर पडतो. आणि ग्रुपला वाटतं, हा वाचून गप्प बसलाय.

फोटो जातो कसा, येतो कसा

पोस्टातून आलेल्या पार्सलची आठवण करा. पार्सल मोठं असेल तर पोस्टमन दारात चिठ्ठी टाकून जातो. चिठ्ठी घेऊन आपण पोस्टात जायचं आणि पार्सल सोडवून आणायचं. एमएमएस तसाच चालतो.

पाठवणाऱ्याचा फोन फोटो आधी आपल्या कंपनीच्या एमएमएस केंद्रावर चढवतो. या केंद्राला एमएमएससी म्हणतात. घेणारा दुसऱ्या कंपनीचा असेल तर तिथून फोटो त्या कंपनीच्या केंद्राकडे जातो. ते केंद्र घेणाऱ्याच्या फोनला एक छोटा, डोळ्यांना न दिसणारा एसएमएस पाठवतं. ही झाली चिठ्ठी. तिच्यात लिहिलेलं असतं की तुमचा मेसेज अमुक पत्त्यावर ठेवलाय, घेऊन जा. मग फोन मोबाइल डेटा वापरून त्या पत्त्यावर जातो आणि फोटो उतरवून घेतो. वेळेत घेतला नाही तर काही दिवसांनी केंद्र तो पुसून टाकतं.

या सगळ्यासाठी फोनला दोन गोष्टी ठाऊक असाव्या लागतात. पहिली, कंपनीच्या नेटवर्कमधून बाहेर पडायचा रस्ता, ज्याला एपीएन म्हणजे ॲक्सेस पॉइंट नेम म्हणतात. दुसरी, केंद्राचा पत्ता, म्हणजे एमएमएससी. काही कंपन्यांत मध्ये एक राखणदारही असतो, प्रॉक्सी, मग त्याचा पत्ता आणि पोर्ट नंबरही लागतो.

आता भाच्याच्या फोनचं बघा. चिठ्ठी साध्या एसएमएसच्या वाटेने यायची, म्हणून ती पोहोचत होती. पण पोस्टाचा रस्ताच फोनला ठाऊक नव्हता. त्यामुळे स्क्रीनवर नुसता एक राखाडी चौकोन दिसायचा, "डाउनलोड करण्यासाठी टॅप करा". त्याने सुरुवातीला एक-दोनदा दाबलं, चक्र फिरत राहिलं, काही आलं नाही. मग सोडून दिलं. का, तर आपणच त्याला शिकवलंय की अनोळखी डाउनलोडवर बोट ठेवू नको. लग्नपत्रिकेच्या नावाने एपीके फाइल पाठवून खाती रिकामी करणारे आपल्याकडे कमी आहेत का? पोराचं काही चुकलं नव्हतं.

फोनला पत्ता का ठाऊक नसतो

प्रत्येक सिममध्ये देशाचा आणि कंपनीचा क्रमांक असतो. देशाच्या क्रमांकाला एमसीसी म्हणतात, भारताचा ४०४ आणि ४०५, अमेरिकेचा ३१० पासून ३१६ पर्यंत. कंपनीच्या क्रमांकाला एमएनसी म्हणतात. सिम घातलं की फोन हे क्रमांक वाचतो, स्वतःजवळच्या यादीत ती कंपनी शोधतो आणि तिची सेटिंग आपोआप भरतो. कंपनीने स्वतः विकलेल्या फोनमध्ये ही यादी तपासून भरलेली असते. भारतातल्या बाजारासाठी बनलेल्या फोनमध्ये अमेरिकेतल्या प्रत्येक कंपनीची नीट सेटिंग असेलच असं नाही.

दुसरी अडचण छोट्या कंपन्यांची. अमेरिकेत स्वस्त प्रीपेड सिम देणाऱ्या बऱ्याच कंपन्यांचे स्वतःचे टॉवर नसतात. त्या मोठ्या कंपनीचं नेटवर्क भाड्याने घेतात. फोन सिमचा क्रमांक वाचतो आणि समजतो की हे मोठ्या कंपनीचंच आहे. तिची सेटिंग भरतो. इंटरनेट चालून जातं, पण छोट्या कंपनीचं एमएमएस केंद्र वेगळं असेल तर फोटो अडकतो. भाच्याचं नेमकं हेच झालं होतं.

तिसरी अडचण कंपनीच्या धोरणाची. आपल्या यादीत नसलेल्या फोनला एमएमएस देऊच नये असंही एखादी कंपनी ठरवू शकते. याचं जुनं उदाहरण खुद्द आयफोनचं आहे. २००७ च्या जूनमध्ये पहिला आयफोन अमेरिकेत आला, तेव्हा त्याला एमएमएस येतच नव्हता. साध्या फोनवरून दोनशे डॉलरही न मोजणारा माणूस फोटो पाठवत होता आणि आयफोनवाल्याला त्याऐवजी एक लिंक आणि पासवर्ड असलेला एसएमएस यायचा. वेबसाइट उघडा, पासवर्ड घाला, मग फोटो बघा. जून २००९ मध्ये ॲपलने सॉफ्टवेअरमध्ये ही सोय दिली. तरी अमेरिकेत तेव्हा आयफोन विकणारी एकमेव कंपनी एटी अँड टी हिने ती २५ सप्टेंबर २००९ ला सुरू केली. ज्यांनी आयफोन अनलॉक करून टी-मोबाइलचं सिम घातलं होतं, त्यांना तर सगळे रकाने हाताने भरावे लागले. म्हणजे अडचण नवीन नाही आणि तिच्यावरची वाटही नवीन नाही.

आधी या साध्या गोष्टी बघा

सेटिंगला हात लावण्याआधी चार गोष्टी तपासा. निम्मे फोन इथेच सुरू होतात.

१. मोबाइल डेटा चालू आहे का? घरात वायफाय आहे म्हणून बरेच जण डेटा बंद ठेवतात. एमएमएस बहुतेक कंपन्यांत वायफायवरून जात नाही, त्याला कंपनीचा स्वतःचा रस्ताच लागतो. तपासताना वायफाय बंद करा, म्हणजे डेटा खरंच चालतोय की नाही तेही कळेल.

२. व्हीपीएन किंवा जाहिराती अडवणारं ॲप चालू आहे का? ते थोडा वेळ बंद करा. एमएमएस केंद्र कंपनीच्या आतल्या जाळ्यात असतं, बाहेरून फिरून येणाऱ्या फोनला ते दार उघडत नाही.

३. दोन सिम आहेत का? बँकेच्या ओटीपीसाठी आपली मुलं भारतातलं सिम चालू ठेवतात, ते योग्यच आहे. पण डेटासाठी अमेरिकेचं सिम निवडलेलं हवं. मेसेज ॲपमध्येही पाठवताना कुठलं सिम वापरलं जातंय ते बघा.

४. फोटो फार मोठा आहे का? एमएमएसला वजनाची मर्यादा असते, कंपनीप्रमाणे साधारण ३०० केबीपासून काही एमबीपर्यंत. बहुतेक फोन फोटो आपोआप बारीक करतात, पण लांब व्हिडिओ अडकतोच.

अँड्रॉइड फोनवर सेटिंग कशी भरायची

सेटिंग्जमध्ये जा, नेटवर्क किंवा कनेक्शनचा भाग उघडा, अमेरिकेचं सिम निवडा, आत ॲक्सेस पॉइंट नेम्स दिसेल. प्रत्येक कंपनीच्या फोनमध्ये वाट थोडी वेगळी असते. सापडत नसेल तर सेटिंग्जच्या शोधपट्टीत एपीएन टाइप करा.

पहिलं काम, आता जे भरलेलं आहे त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. काही बिघडलं तर परत येता येईल. मग वरच्या तीन ठिपक्यांत "रिसेट टू डिफॉल्ट" दाबा, फोन बंद करून चालू करा आणि फोटो पाठवून बघा. झालं तर उत्तम.

नाही झालं तर ज्या कंपनीचं सिम आहे तिच्याच अधिकृत वेबसाइटवर एपीएन सेटिंग शोधा. छोटी कंपनी असेल तर त्या छोट्या कंपनीची, मोठीची नाही. आता अधिकचं चिन्ह दाबून नवीन एपीएन उघडा. बरेच रकाने दिसतील, पण घाबरू नका. कामाचे पाच-सहाच आहेत.

नाव: काहीही लिहा, ते तुमच्या ओळखीसाठी आहे.

एपीएन: कंपनीने दिलेला शब्द जसाच्या तसा, इंग्रजी लहान अक्षरांत.

एमएमएससी: केंद्राचा पत्ता. वेबसाइटच्या पत्त्यासारखा दिसतो. एक ठिंपका, एक तिरकी रेघ चुकली तरी चालत नाही.

एमएमएस प्रॉक्सी आणि एमएमएस पोर्ट: कंपनीने दिले असतील तरच भरा. दिले नसतील तर रिकामे ठेवा.

एमसीसी आणि एमएनसी: सिमवरून आपोआप भरलेले असतात, बदलू नका. उदाहरणार्थ टी-मोबाइलच्या सिमला ३१० आणि २६० दिसेल, एटी अँड टीच्या सिमला ३१० आणि ४१०.

एपीएन टाइप: सगळ्यात जास्त चूक इथे होते. या रकान्यात डिफॉल्ट, एसयूपीएल आणि एमएमएस हे तिन्ही शब्द लागतात, इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये स्वल्पविराम आणि कुठेही जागा न सोडता. डिफॉल्ट म्हणजे इंटरनेट, एसयूपीएल म्हणजे नकाशासाठी जागा शोधणं. एमएमएस हा शब्द राहिला तर इंटरनेट झकास चालेल आणि फोटो मात्र अडकेल. भाच्याच्या फोनमध्ये पत्ता चुकीचा होता आणि हा शब्दही नव्हता.

भरून झालं की तीन ठिपक्यांतून सेव्ह करा. नुसतं मागे आलात तर लिहिलेलं जाऊ शकतं. यादीत नव्या नावासमोरचा गोल निवडा, फोन बंद करून चालू करा आणि मित्राला एक छोटा फोटो पाठवा. त्यालाही एक पाठवायला सांगा.

इथे निदानाची एक खूण लक्षात ठेवा. फोटो येतात पण जात नाहीत, तर एमएमएससीचा पत्ता चुकलाय, कारण घेताना पत्ता चिठ्ठीतच मिळतो, पाठवताना तो फोनला ठाऊक असावा लागतो. येतही नाहीत आणि जातही नाहीत, तर एपीएन, त्याचा टाइप किंवा प्रॉक्सी तपासा. फोटोऐवजी नुसती लिंक येते, तर कंपनी तुमचा फोन ओळखत नाहीये. मग कस्टमर केअरला फोन करून "या नंबरवर एमएमएस सुरू करा" असं स्पष्ट सांगा. "इंटरनेट चालत नाही" म्हणू नका, ते भलतंच तपासत बसतील.

आयफोन असेल तर

आयफोनमध्ये कंपनीची सेटिंग ॲपलकडूनच उतरते. वायफाय चालू ठेवून सेटिंग्ज, जनरल, अबाउट असं जा आणि मिनिटभर थांबा. कंपनीच्या सेटिंगचा अपडेट असेल तर तिथे विचारणा होते, हो म्हणा. मग मेसेजेसच्या सेटिंगमध्ये एमएमएस मेसेजिंग आणि ग्रुप मेसेजिंग ही दोन्ही बटणं चालू करा. एमएमएसचं बटणच दिसत नसेल तर समजा की कंपनीने ती सोय त्या सिमला दिलेली नाही.

सेल्युलर डेटा नेटवर्क नावाचं पान दिसलं तर त्यात वरच्यासारखेच रकाने असतात. हे पान दाखवायचं की लपवायचं ते कंपनी ठरवते. लपवलं असेल तर काही छोट्या कंपन्या प्रोफाइल नावाची फाइल देतात. ती फक्त कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरूनच घ्या. कुणीतरी पाठवलेली प्रोफाइल घातली तर तुमच्या फोनचा सगळा डेटा त्याच्या दारातून फिरवता येतो.

आयफोनवरून आयफोनला गेलेला फोटो बहुतेक वेळा एमएमएस नसतो, तो ॲपलच्या आयमेसेजवरून जातो. म्हणून "मला बायकोचे फोटो येतात पण ऑफिसच्या ग्रुपचे नाही" असं झालं तर गोंधळू नका. २०२४ च्या आयओएस १८ पासून आयफोनमध्ये आरसीएस ही नवी पद्धतही आली, अँड्रॉइडमध्ये ती आधीपासून आहे. पण समोरच्याच्या फोनला ती नसेल तर गाडी पुन्हा एमएमएसवरच येते.

सेटिंगने सुटत नाही ते

सगळ्याच फोनला हे औषध लागू पडत नाही. अमेरिकेतल्या कंपन्यांनी २०२२ मध्ये जुनं थ्रीजी बंद केलं. आता कॉलसुद्धा फोरजी किंवा फाइव्हजीवरूनच जातो आणि त्यासाठी बऱ्याचदा फोन कंपनीच्या यादीत असावा लागतो. शिवाय प्रत्येक देशाच्या लहरी, म्हणजे बँड, वेगळ्या. भारतात ३, ५, ८, ४० असे बँड चालतात. अमेरिकेत २, १२, १३, ६६, ७१ हे जास्त कामाचे. भारतासाठी बनलेल्या स्वस्त फोनमध्ये यातले काही नसतातच, आणि ते कुठलीही सेटिंग भरून येत नाहीत.

म्हणून फोन घ्यायच्या आधीच बघा. स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश असं डायल केलं की आयएमईआय नंबर दिसतो. तिथल्या मोबाइल कंपनीच्या वेबसाइटवर तो टाकला की फोन चालेल की नाही ते कळतं. दुकानदाराला नवा फोन डब्यातून काढायच्या आधीही हा नंबर डब्यावरून वाचता येतो. संकोच करू नका, विचारा. मी माझ्या गिऱ्हाइकांना आता स्वतःहून सांगतो. भाच्याला सांगितलं नव्हतं, ही माझी चूक.

इतर देशांत जाणाऱ्यांसाठी थोडक्यात. ब्रिटनमध्ये एमएमएस बहुतेक प्लॅनमध्ये धरलेला नसतो, वेगळे पैसे कापतात, म्हणून तिथे सुरू करण्याआधी दर बघा. जर्मनीत व्होडाफोनने जानेवारी २०२३ मध्ये ही सेवाच बंद केली. आखातातही आपली माणसं व्हॉट्सॲपवरच फोटो पाठवतात. एमएमएसवाचून अडतं ते मुख्यतः अमेरिकेत.

आणि जिथे अक्षर न् अक्षर वाचता यायला हवं, म्हणजे डॉक्टरचं प्रिस्क्रिप्शन, पासपोर्ट, घरभाड्याचा करार, तिथे एमएमएस वापरूच नका. फोटो बारीक होऊन अक्षरं पुसट होतात. ईमेलने पाठवा.

त्या रात्री काय झालं

भाच्याशी फोनवर बोलत बोलत आम्ही एकेक रकाना भरला. तिथे रात्रीचे अकरा, इथे सकाळचे साडेनऊ. एकदा तिरकी रेघ चुकली, पुन्हा लिहिली. फोन बंद करून चालू केला. मग त्याला सांगितलं, आता तो राखाडी चौकोन दाब.

पलीकडे थोडा वेळ काही ऐकू आलं नाही. मग तो म्हणाला, "मामू, आला." जोहरनंतर नमाज, मशिदीचा पत्ता, गाडीत जागा आहे, तू दारात थांब. पाच जणांनी त्याच्यासाठी पंधरा मिनिटं वाट पाहिली होती, तेही त्याच मेसेजांत होतं. त्याआधीच्या महिन्यांतले मेसेज मात्र मुदत संपून गेले होते, ते परत आले नाहीत.

तो तसाच उठून मित्राच्या खोलीत गेला. फोन दाखवला, माफी मागितली, त्याच्या वडिलांसाठी दुआ केली. दुसऱ्या दिवशी दोघं मिळून कबरस्तानात जाऊन आले.

तुमच्या घरातलं कुणी नुकतंच अमेरिकेला गेलं असेल, तर आज फोन झाला की एक प्रश्न विचारा. "तुला ग्रुपचे मेसेज येतात का रे? एक फोटो मागवून बघ."